पहिला आणि तिसरा रविवार

दर्यापूरच्या कोर्टानं लिहून दिलं:
पहिला आणि तिसरा रविवार,
सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.
महिन्यात पाचवा रविवार आला तर काय,
ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.
तो आम्ही दोघं असाच ढकलतो,
मुरमुरे, टीव्ही, त्याच्या डोक्यातल्या उवा.

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं.
हापशीचं पाणी उकळलं की भांड्याला पांढरं कडं धरतं,
तूर तासतास शिजत नाही.
शाळेच्या खिचडीची डाळ मी आदल्या रात्रीच भिजू घालते,
तरी मास्तर म्हणतात, बाई, दाताखाली येते.
लग्नानंतर नऊ वर्षं परतवाड्याकडचं गोड पाणी प्याले.
त्या घरातलं तेवढंच कधी कधी आठवतं.
साबणाला फेस यायचा.

पियूष तिकडून येताना बाटली भरून आणतो.
दोन लिटरची, हिरव्या झाकणाची,
बापाच्या मोटरसायकलवर
दोघांच्या मधात धरून.
"डाळीले होते तुले," म्हणतो.
मी म्हणते, हो राजा.
तो झोपला की मागच्या दारी जाते
आणि सगळी बाटली कढीपत्त्याला ओतते.
का, ते मला विचारू नका.
सकाळी त्याला सांगते, डाळ कशी लोण्यासारखी शिजली.

परवाचा रविवार तिसरा होता.
हरभरा फुलावर, फाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग.
देवमनभाऊच्या हॉटेलापुढच्या बाकावर
पियूष बाटली मांडीवर घेऊन बसला,
केस पाण्यानं चापून बसवलेले, भांग उजवीकडं,
त्याच्या बापासारखा.
दहा वाजले.
अंजनगावची बस आली, गेली.
अकरा. देवमनभाऊनं न मागता आलुबोंडा दिला,
पैसे घेतले नाहीत, माझ्याकडं पाहिलंही नाही.
दर मोटरसायकलीला पियूषची मान वर,
मग पुन्हा खाली, झाकणाच्या रेघा मोजत.

साडेबाराला मी म्हटलं,
"बाबाचा फोन आलता. गाडी बंद पडली म्हणे, चेन तुटली.
लय हळहळत होते रे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मग खाली, स्वतःच्या पँटीच्या खिशाकडं.
तेव्हा मला आठवलं.
फोन सकाळपासून त्याच्याजवळ होता.
गेम खेळायला मीच दिला होता,
बस लवकर यावी तसा वेळ जावा म्हणून.

काही बोलला नाही बराच वेळ.
एक ट्रॅक्टर गेला, कापसाचे पुंजके उडवत.
"हो," म्हणाला, "चेन जुनीच हाय त्या गाडीची.
मी मागंच म्हटलं होतं त्याहिले."

घरी येईपर्यंत तो पुढं, मी मागं.
बाटली रिकामी, त्याच्या बोटाला लटकलेली,
गुडघ्यावर आपटत, टक, टक.
वाटेत शेवंता काकू म्हणाली, आज लवकर आले काय?
तोच म्हणाला, "हो, शाळेचा अभ्यास हाय."
इतका सरळ खोटं बोलला
की मला भीती वाटली.
आणि दुसरंही काही वाटलं,
त्याला नाव नाही.

संध्याकाळी मी चुलीपुढं होते.
हापशीचा आवाज आला, करकर, करकर,
आमच्या दांड्याला तेल नाही कित्येक महिने.
मागच्या दारातून पाहिलं.
पियूष हिरव्या झाकणाची बाटली भरून उभा,
आणि कढीपत्त्याच्या बुडाशी हळूहळू ओततोय,
एक धार, न सांडता, जसं मी ओतते तसं.

म्हणजे तो झोपलेला नसायचा.

"खारं हाय न रे ते," मी म्हटलं, "जळून जाईल झाड."

तो वळला नाही.
शेवटचं पाणी झटकलं, झाकण लावलं.
"होऊ दे यालेही सवय," म्हणाला,
आणि पायानं माती सारखी केली.

कुकरच्या सातव्या शिट्टीला मी डाळ पाहिली.
कच्ची होती.
पुन्हा ठेवली.